कल्पनाखेळासाठी चिलखतांची मराठी यादी: आधी वस्तू ठरवू, मग शब्द

ऐरण (धागाकर्ती)

आमचा सहा जणांचा गट गेली तीन वर्षे दर रविवारी रोलप्लेइंग खेळ, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन टेबलाभोवती बोलून रंगवायचा कल्पनाखेळ, खेळतो. नियमपुस्तक इंग्रजी असले तरी टेबलाभोवतीचे सगळे बोलणे मराठीत होते, आणि घोळ होतो तो नेमका तिथेच. एक जण ‘चेन मेल’ म्हणतो, दुसरा ‘साखळी चिलखत’ म्हणतो, आणि ‘स्टडेड लेदर’ला तर आम्ही ‘खिळ्यांचे जाकीट’ असे नाव पाडून मोकळे झालो. दिवाळीनंतर स्वतः रचलेल्या जगात नवी मोहीम सुरू करायची आहे, म्हणून चिलखतांची मराठी यादी करायला घेतली. शब्द शोधू लागले तेव्हा लक्षात आले की अडचण मुळात भाषांतराची नाही. इंग्रजी यादीतील जवळजवळ निम्मी नावे अशी आहेत की त्या नावाची वस्तू मध्ययुगीन युरोपात कोणी अंगावर घातलीच नव्हती.

ही यादी तयार कशी झाली हे थोडक्यात मांडते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्लेइंग खेळ १९७४ साली आला तेव्हा त्यात चामडे, चेन मेल आणि प्लेट मेल अशी तीनच चिलखते होती. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात पॅडेड, लेदर, स्टडेड लेदर, रिंग मेल, स्केल मेल, चेन मेल, स्प्लिंट, बँडेड आणि प्लेट मेल अशी लांबलचक यादी आली, आणि पुढच्या असंख्य खेळांनी, संगणकावरील खेळांनीसुद्धा, तीच थोड्याफार फरकाने उचलली. खेळ रचणाऱ्यांनी ही नावे मनाने तयार केली नव्हती. त्यांच्या हाती जी जुनी इंग्रजी पुस्तके होती त्यांतून ती आली, आणि त्या पुस्तकांचे मूळ एकोणिसाव्या शतकातील सॅम्युअल रश मेरिक या इंग्रज संग्राहकापर्यंत जाते. मेरिक यांनी १८२४ साली प्राचीन चिलखतांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी तो फार महत्त्वाचा ठरला, आणि या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया त्यांनीच घातला हे मान्य करायला हवे. मात्र जुन्या भरतकामात, शिक्क्यांवर आणि हस्तलिखितांत चितारलेली चिलखते पाहताना त्यांनी चित्रकाराच्या प्रत्येक निराळ्या रेखाटनपद्धतीला निराळ्या चिलखताचे नाव दिले.

फ्रान्समधील बायो गावच्या प्रसिद्ध भरतकामाचे उदाहरण घ्या. त्यात १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईतील योद्ध्यांच्या अंगावर मोठमोठी वर्तुळे टाचलेली दिसतात. सुई-दोऱ्याने हजारो बारीक कड्या दाखवणे शक्य नसल्यामुळे भरतकाम करणाऱ्यांनी वर्तुळे टाचली, एवढाच त्याचा अर्थ आहे. मेरिक यांनी मात्र कापडावर सुट्या कड्या शिवलेले एक वेगळेच चिलखत कल्पिले, आणि पुढे तेच ‘रिंग मेल’ म्हणून खेळात आले. काही चित्रांत कड्यांच्या ओळींमध्ये आडव्या रेघा दिसतात, त्यांतून ‘बँडेड मेल’ निघाले. ‘मेल’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधील जाळीच्या डोळ्याला म्हणण्याच्या शब्दावरून आला आहे. म्हणजे ‘मेल’ हीच कड्यांची जाळी झाली. तिला पुन्हा ‘चेन’ लावण्याची गरज नव्हती, आणि पत्र्याला ‘मेल’ म्हणणे तर अर्थाच्याच विरुद्ध झाले.

‘स्टडेड लेदर’ची गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते. जुन्या चित्रांत आणि दगडी पुतळ्यांवर कापडाच्या किंवा चामड्याच्या बंडीवर रिवेटांच्या रांगा दिसतात. आपल्याकडे कारखान्यात ज्याला ‘रिपीट’ म्हणतात तेच हे. पाहणाऱ्याला वाटते की चामड्याला बळकटी यावी म्हणून वर खिळे ठोकले असतील. पण चामड्यात खिळे ठोकून घावाचा जोर कमी होत नाही, खिळ्यांमधली जागा उघडीच राहते. ती रिवेटांची डोकी आतल्या लोखंडी पत्र्यांची आहेत. बाहेर मखमल, तागाचे कापड किंवा चामडे, आणि आत एकमेकांवर चढवलेले पत्रे, अशी ती रचना आहे. चौदाव्या शतकातील मोठ्या पत्र्यांच्या प्रकाराला आज ‘कोट ऑफ प्लेट्स’ म्हणतात आणि पंधराव्या शतकातील बारीक पत्र्यांच्या प्रकाराला ‘ब्रिगंडाइन’.

याचा भक्कम पुरावा स्वीडनच्या गोटलंड बेटावर मिळाला. २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कचा राजा वाल्देमार आतरदाग याच्या सैन्याने विस्बी शहराच्या तटाबाहेर तिथल्या शेतकऱ्यांच्या फौजेची कत्तल केली. ऐन उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळे प्रेते लवकर पुरावी लागली, आणि अनेकांच्या अंगावरची चिलखते तशीच राहिली. विसाव्या शतकात त्या सामूहिक कबरींचे उत्खनन झाले तेव्हा हजाराहून अधिक माणसांच्या अस्थींबरोबर सुमारे पंचवीस पत्र्यांचे कोट सापडले. कापड-चामडे कुजून गेले होते, पण पत्रे आणि रिवेट जागच्या जागी होते.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की इंग्रजी नावांचे भाषांतर करण्याऐवजी रचनेवरून नावे ठेवावीत. अंगावर काय आहे: शिवलेले थर, गुंफलेल्या कड्या, बांधलेले किंवा शिवलेले खवले, की घडवलेले पत्रे? या प्रश्नाचे उत्तर शब्दातच दिसले तर खेळाडूला डोळ्यांसमोर वस्तू उभी करता येईल. शब्द सुचवा, आणि माझे कुठे चुकत असेल तर तेही सांगा.

तारजोड

धागा फार आवडला. मी स्वतः तारेच्या कड्या वळून एक बिनबाह्यांचा सदरा विणला आहे, म्हणून कड्यांच्या चिलखताबद्दल थोडे अनुभवाचे लिहितो.

युरोपात सर्वत्र वापरल्या गेलेल्या विणीत प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवलेली असते. मी केला तो प्रकार हौशी लोकांचा: तार दांड्यावर गुंडाळायची, वेटोळे कापून कड्या पाडायच्या आणि पकडीने तोंडे नुसती जुळवायची. खऱ्या चिलखतात असे चालत नसे. तिथे कडीची टोके चपटी करून एकमेकांवर ठेवत, त्यांना भोक पाडत आणि त्यात इवलासा रिवेट बसवत. पुष्कळदा एक ओळ अखंड कड्यांची आणि एक ओळ रिवेट मारलेल्या कड्यांची असे, त्यामुळे श्रम निम्म्यावर येत. एका पूर्ण सदऱ्याला वीस-तीस हजार कड्या सहज लागतात. माझा सदरा पूर्ण व्हायला आठ महिने लागले, आणि त्यात रिवेटाचे काम नव्हतेच. ज्या जगात हे चिलखत प्रत्येक दुकानात टांगलेले असते त्या जगाच्या निर्मात्याने या कामाचे तास एकदा मोजून पाहावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. गुडघ्यापर्यंतचा, लांब बाह्यांचा सदरा साधारण दहा ते चौदा किलोंचा भरतो. तो नुसता खांद्यावर घेतला तर तासाभरात मान आखडते; कमरेला पट्टा आवळून वरचा भाग थोडा सैल ओढून घेतला की निम्मा भार कमरेवर जातो. तलवारीच्या धारेचा वार कड्या अडवतात, पण त्या लवचीक असल्यामुळे घावाचा दणका थेट हाडापर्यंत पोहोचतो. म्हणून खाली जाड शिवलेला डगला हवाच. अरुंद टोकाचा भाला किंवा बाण कडीच्या आत शिरून रिवेट फोडू शकतो. खेळात या तीन घावांना तीन वेगळे परिणाम देता आले तर चिलखतांची नावे आपोआप अर्थपूर्ण होतील.

शब्दाबाबत: ‘साखळी’ नको. साखळी म्हटले की एकापुढे एक अडकवलेल्या कड्यांची दोरी डोळ्यांपुढे येते. ‘कड्यांचे चिलखत’ किंवा ‘जाळीचे चिलखत’ म्हणावे.

सह्यवाट

मी आमच्या गटात डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा, आहे, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. खेळातील यादी हे इतिहासाचे पुस्तक नाही. त्यात पायऱ्या हव्या असतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत चामड्याच्या चिलखताचा संरक्षण-अंक (घाव लागणे किती अवघड ते सांगणारा आकडा) ११, स्टडेड लेदरचा १२, चेन शर्टचा १३, छातीच्या पत्र्याचा १४ आणि पूर्ण पत्र्याच्या चिलखताचा १८ आहे. नव्या खेळाडूच्या हाती पैसे आले की त्याला पुढची पायरी चढता यावी, यासाठी मधल्या पायऱ्या लागतात. स्टडेड लेदर इतिहासात नव्हते म्हणून काढून टाकले तर चोरट्या आणि चपळ पात्रांसाठी काय उरते? दुसरे असे की नियमपुस्तकात चेन मेल पंचावन्न पौंडांचे, म्हणजे जवळपास पंचवीस किलोंचे आहे, आणि पूर्ण प्लेट पासष्ट पौंडांचे, म्हणजे साडेएकोणतीस किलोंचे. तारजोड यांनी सांगितलेल्या वजनाशी हे जुळत नाही. ही वजने बदलली तर सगळाच तोल बिघडेल.

ऐरण (धागाकर्ती)

सह्यवाट, विरोधी सूर हवाच होता. पायऱ्या काढाव्यात असे मला म्हणायचे नाही. १२ हा अंक जिथे आहे तिथेच राहू द्या, फक्त त्या जागी खरी वस्तू ठेवू. हलक्या चिलखतांत चांगल्या वस्तूंची मुळीच कमतरता नाही. शिवलेल्या थरांच्या चिलखतालाच पाहा. नियमपुस्तकात ‘पॅडेड’ सर्वांत तळाशी आहे, जणू गरिबाची गोधडी. प्रत्यक्षात फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या काळातील एका फर्मानात सैनिकांच्या जॅकसाठी, म्हणजे थर शिवलेल्या डगल्यासाठी, कापडाचे तीस, निदान पंचवीस थर आणि वर हरणाचे कातडे असावे असे सांगितले आहे, आणि कापड वापरून मऊ झालेले घ्यावे असाही तपशील आहे. इतके थर एकत्र शिवले की ते बाणालाही दाद देत नाहीत. तेव्हा ११ वर साधा डगला, १२ वर हा तीस थरांचा आणि वर कातडे घातलेला डगला, असे करता येईल. चपळ पात्राला तोही चालेल, कारण त्यात खणखणाट नाही.

चामडे पूर्ण वगळू नये, हे मात्र आवर्जून सांगते. गरम पाण्यात किंवा मेणात मुरवून साच्यावर कडक केलेल्या चामड्याला फ्रेंचमध्ये ‘क्वीर बुई’ म्हणत, आणि त्याचे दंडावरचे, पायावरचे आणि घोड्याच्या तोंडावरचे संरक्षक भाग मध्ययुगात खरोखर होते. चित्रांत दिसणारे मऊ, अंगाला चिकटलेले काळे जाकीट तेवढे नव्हते. सतराव्या शतकात युरोपात जाड, मऊ चामड्याचे ‘बफ कोट’ घोडेस्वारांनी वापरले, पण तो बंदुकीचा काळ झाला.

वजनाबाबत तुमचे निरीक्षण बरोबर आहे. नियमपुस्तकात बहुधा खालचा डगला, हातमोजे वगैरे सगळे मिळून धरले असावे, तरीही चेन मेलचा आकडा जास्तच आहे. पंधराव्या शतकातील लढाईचे पूर्ण पत्री चिलखत साधारण वीस ते पंचवीस किलोंचे असे, आणि ते सगळ्या अंगावर वाटून, पट्ट्यांनी आणि बिजागऱ्यांनी बांधलेले असल्यामुळे माणूस त्यात पळू शके, घोड्यावर चढू शके. फ्रान्सचा सेनानी बुसिको चिलखत घालून कोलांट्या मारत असे, असे त्याच्या समकालीन चरित्रात लिहिले आहे. फक्त शिरस्त्राण तेवढे काढून ठेवी. शर्यतीच्या भाल्यांच्या खेळासाठीची चिलखते मात्र कितीतरी जड होती, आणि योद्ध्याला यारीने घोड्यावर चढवावे लागे हा गैरसमज वाढायला तीही कारणीभूत झाली असावीत. दमछाक मात्र खरी आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी अभ्यासात चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवले आणि पळवले, तेव्हा त्यांना लागणारी ऊर्जा सुमारे दुप्पट भरली. पायांवर बांधलेले वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते, हे त्याचे एक मोठे कारण. तेव्हा पत्री चिलखताला चपळाईचा दंड लावण्याऐवजी थकव्याचा दंड लावणे अधिक खरे होईल.

मोडीवाचक

उत्तम चर्चा चालू आहे. ऐरणताईंनी शब्द मागितले आहेत, म्हणून आपल्याच भाषेतील काही जुने शब्द पुढे ठेवतो. ते युरोपीय वस्तूंना जसेच्या तसे लावता येतील असे नाही, आणि कुठे लावू नयेत तेही सांगतो.

‘जिरेटोप’ हा शब्द आपण सगळे वापरतो आणि बहुतेकांच्या मनात त्याचे चित्र तुरा लावलेल्या मऊ टोपीचे असते. फारसीत कड्यांच्या चिलखताला ‘जिरिह’ म्हणतात. ‘जिरेटोप’ आणि ‘जिरेबख्तर’ यांतील ‘जिरे’ तेच आहे. म्हणजे जिरेटोप हा मुळात लोखंडाचा, कड्यांच्या झालरीचा टोप. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाला भेटायला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्याच्या वस्त्राखाली लोखंडी टोप घातला होता, हे वर्णन आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्या प्रसंगातील चिलखत कड्यांचेच डोळ्यांसमोर आणावे, कारण पत्र्याचे चिलखत अंगरख्याखाली लपत नाही.

याहून मागे गेलो तर कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त आयुधागाराच्या प्रकरणात चिलखतांची नावेच दिली आहेत: लोहजाल, लोहजालिका, लोहपट्ट, लोहकवच आणि सूत्रकंकट. पुढे शिरस्त्राण, कंठत्राण, कूर्पास, कंचुक, वारबाण, पट्ट आणि नागोदरिका हे प्रकार येतात. ऐरणताईंना हवी आहे ती रचनेवरून नाव देण्याची पद्धत तिथे आधीच दिसते: जाल म्हणजे जाळी, पट्ट म्हणजे पट्टी, सूत्र म्हणजे दोरा. त्यामुळे गॅम्बिसनसारख्या शिवलेल्या थरांच्या चिलखताला ‘सूत्रकंकट’ म्हणावे असे मी सुचवेन. शब्द अवघड वाटेल, पण त्याचा अर्थच ‘दोऱ्याचे चिलखत’ असा आहे.

घोड्याच्या चिलखतासाठी तर नवा शब्द बनवायची गरजच नाही. ‘पाखर’ म्हणजे घोड्याचे किंवा हत्तीचे चिलखत. ‘मायेची पाखर घालणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. तिथे अनेकांना पाखराचे पंख आठवतात, पण झाकून रक्षण करणारे आवरण हा जुना अर्थही त्यात पुरेपूर बसतो. युरोपीय घोड्याच्या चिलखताला, ज्याला इंग्रजीत ‘बार्डिंग’ म्हणतात, निःसंकोचपणे ‘पाखर’ म्हणावे.

एक इशारा. ‘बख्तर’ हा शब्द युरोपीय पूर्ण पत्री चिलखताला लावू नये. इराण, मोगल दरबार आणि दख्खन इथल्या बख्तरात पत्रे आणि कड्या एकत्र गुंफलेल्या असतात. ती वेगळीच वस्तू आहे.

दूरदेशी

मोडीवाचक यांच्या शेवटच्या परिच्छेदाला धरून लिहिते. मी उत्तर इंग्लंडमध्ये राहते आणि लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात अनेकदा जाते. तिथे सोळाव्या-सतराव्या शतकातील भारतीय हत्तीचे चिलखत आहे. क्लाइव्ह कुटुंबाने ते भारतातून आणले आणि १८०१ साली ते वेल्समधील पोविस गढीत होते. आज त्यातील काही भाग हरवले आहेत, तरीही ५,८४० पत्रे शिल्लक असून वजन ११८ किलो आहे; पूर्ण असताना ८,४३९ पत्रे आणि १५९ किलो वजन असावे असा संग्रहालयाचा हिशेब आहे. लहान-मोठे पत्रे कड्यांच्या जाळीने एकमेकांना जोडलेले आहेत, आणि काही मोठ्या चौकोनी पत्र्यांवर हत्ती, मासे आणि फुले उठवलेली आहेत. पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याच्या समोरच्या बाकावर मी अर्धा तास बसून होते. आज मोडीवाचक यांच्यामुळे त्याचे मराठी नाव कळले: पाखर.

ऐरणताईंनी ‘प्लेट मेल’ हा शब्द चुकीचा ठरवला, ते युरोपपुरते योग्यच आहे. पण पत्रा आणि जाळी मिळून एकच वस्त्र ही रचना भारतात, इराणात आणि तुर्कस्तानात खरोखर होती, आणि तिला ‘प्लेट मेल’ म्हणणे मुळीच चूक ठरणार नाही. तुमच्या रचलेल्या जगात पूर्वेकडचे एखादे राज्य असेल तर ‘जिरेबख्तर’ हे नाव त्या चिलखतासाठी राखून ठेवा. छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर चार पत्रे बांधण्याचा ‘चार आईना’ हा प्रकारही त्याच घराण्यातला.

आता पूर्ण पत्री चिलखताच्या भागांबद्दल. इथे इंग्रजीत फ्रेंच उगमाच्या शब्दांची रांग आहे आणि खेळाडू तिथेच दमतात. मी माझ्या मुलाबरोबर खेळताना हे शब्द वापरते: मानेभोवतीच्या ‘गॉर्जेट’ला कंठत्राण, खांद्याच्या ‘पॉल्ड्रन’ला खांदापत्रा, कोपरावरच्या ‘काउटर’ला कोपरवाटी, गुडघ्यावरच्या ‘पोलेन’ला गुडघावाटी, मांडीच्या ‘क्विस’ला मांडीपत्रा, नडगीच्या ‘ग्रीव्ह’ला नडगीपत्रा. ‘गुडघ्याची वाटी’ हा शब्द हाडासाठी मराठीत आहेच, आणि पोलेनचा आकार खरोखर वाटीसारखा असतो, त्यामुळे तो माझ्या मुलाच्या पहिल्याच दिवशी लक्षात राहिला. पुढच्या हाताच्या ‘व्हॅम्ब्रेस’साठी मी ‘बाजूबंद’ वापरते, कारण भारतीय चिलखतात पुढच्या हाताच्या लोखंडी आवरणाला तेच नाव आहे.

सह्यवाट

बाजूबंदाला माझी हरकत आहे. शस्त्रास्त्रांच्या अभ्यासकाला तो शब्द बरोबर वाटेल, पण टेबलावर मी ‘तुझा बाजूबंद तुटला’ असे म्हटले तर प्रत्येक मराठी खेळाडूला दंडावरचा दागिना दिसेल, तोही भलत्याच जागी. ‘दस्तवाना’ चालेल का? गुडघावाटी आणि कोपरवाटी मात्र मी आजच उचलतो.

ऐरणताई, थकव्याच्या दंडाबद्दलचे तुमचे म्हणणे पटले. येत्या खेळात करून पाहतो. हातमोज्यांसाठी, म्हणजे ‘गॉन्टलेट’साठी, कोणी शब्द सुचवेल का?

मोडीवाचक

दस्तवाना योग्य आहे, मोगल काळातील यादीत तो हाताच्या चिलखताच्या अर्थानेच येतो. हातमोज्याला ‘लोखंडी हातमोजा’ एवढे साधे नाव पुरे. दांडपट्ट्याच्या मुठीभोवती हात झाकणारा जो लोखंडी भाग असतो त्याला ‘खोबळा’ म्हणतात, पण तो शस्त्राचाच भाग आहे, वेगळा घालायचा नाही. म्हणून गॉन्टलेटला खोबळा म्हणू नये. एखाद्या पात्राच्या हाती दांडपट्टा दिलात तर मात्र तो शब्द जरूर वापरा, आणि खोबळा असल्यामुळे त्या हाताला वेगळा मोजा लागत नाही हे नियमात धरा.

तारजोड

एक राहिले. खवल्यांचे दोन प्रकार वेगळे ठेवा. खवले कापडावर किंवा चामड्यावर शिवले किंवा रिवेटाने बसवले तर ते ‘स्केल’, आणि खाली काहीही आधार न घेता पट्ट्या वादीने एकमेकींनाच बांधल्या तर ते ‘लॅमेलर’. बायझंटाईन साम्राज्यात आणि मध्य आशियाच्या घोडेस्वारांत दुसरा प्रकार फार होता. पहिल्याला ‘खवल्यांचे चिलखत’ म्हणावे आणि दुसऱ्याला ‘वादीबंद चिलखत’. वादी कापली गेली की पट्ट्या सुटतात, रोज पाहणी करून ती बदलावी लागते, भिजली की सैल पडते. लांबच्या मोहिमेत डंजन मास्टरला यातून पुष्कळ प्रसंग रचता येतील.

ऐरण (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. दस्तवाना, कोपरवाटी, गुडघावाटी, पाखर आणि वादीबंद हे पाचही शब्द यादीत घेतले. ‘सूत्रकंकट’वर गटात मतदान झाले. शब्दाविषयी सर्वांना आदर वाटला, पण लढाईच्या घाईत तो तोंडी बसेना. म्हणून आमच्या जगातील शस्त्रागाराच्या वहीत, राजाच्या कारभाऱ्यांच्या लेखी भाषेत ‘सूत्रकंकट’ राहील, आणि सैनिक त्याच वस्तूला ‘गोधडी-डगला’ म्हणतील. एकाच वस्तूला दरबारात एक आणि छावणीत दुसरे नाव असणे मला खऱ्या जगाच्या जवळचे वाटते.

ज्या नोंदीमुळे हा धागा सुरू झाला ती ‘खिळ्यांच्या जाकिटा’ची नोंद आता अशी झाली आहे, ती इथे देते. शब्दांत काही खटकले तर कळवावे.

पत्र्यांची बंडी. संरक्षण-अंक १४, थकव्याचा दंड हलका. बाहेरून पाहणाऱ्याला ही लाल मखमलीची, पुढून बक्कलांनी बांधायची बिनबाह्यांची बंडी दिसते. तिच्यावर पितळी रिवेटांची डोकी तीन-तीनच्या झुबक्यांनी ओळीत बसवलेली असतात. आत तळहाताएवढे किंवा त्याहून लहान लोखंडी पत्रे एकावर एक चढवलेले असतात, आणि घालणारा वाकला की ते एकमेकांवरून सरकतात. पाऊस लागला तर मखमलीखाली गंज धरतो आणि तो बाहेरून दिसत नाही. महिन्यातून एकदा शिवण उसवून तपासली नाही तर डंजन मास्टरने एक फासा टाकावा.

सह्यवाट

१४ वर आमच्याकडे छातीचा पत्रा आहे. दोन्ही एकाच अंकावर ठेवतो. पत्रा स्वस्त, पण लोहाराकडे अंगाच्या मापाने घडवून घ्यावा लागेल; बंडी महाग, पण बक्कले सैल-घट्ट करून मेलेल्या शत्रूच्या अंगावरची काढून घालता येईल. विस्बीच्या कबरींत त्या उन्हाळ्यात जे करायला कोणाला वेळ मिळाला नाही, ते आमच्या मोहिमेतील चोर नक्की करील.

ऐरण (धागाकर्ती)

मान्य. तसेच लिहून घेते.